ताकायामाला एक दिवस नको, दोन रात्री द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: एप्रिलच्या शेवटी आईवडिलांना घेऊन ११ दिवस जपानला जायचं ठरतंय. तोक्यो आणि क्योतोच्या मध्ये कुणीतरी ताकायामा नावाचं छोटं शहर सुचवलंय. तिथे नेमकं काय आहे, नागोयाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का, आणि वडिलांचे दुखरे गुडघे व आईचा शाकाहार तिथे सांभाळला जाईल का?

परत येता येईल, पण येऊ नका. मी पुण्यात जपानी शिकले, गेली १६ वर्षं दुभाषी म्हणून काम करते आणि दरवर्षी मराठी मंडळींना घेऊन जपानला जाते. एका दिवसात ताकायामा उरकलेले लोक मला भेटतात, तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "छान होतं, पण गर्दी फार आणि सगळी दुकानंच." त्यांचं खोटं नसतं. सकाळी साडेदहाला गाड्या आणि बसगाड्या रिकाम्या होतात, चार वाजता पुन्हा भरतात, आणि एका दिवसाचा पाहुणा नेमका तेवढ्याच वेळात तिथे असतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास जुन्या गल्लीतली दुकानं फळ्या ओढून घेतात. त्यानंतरचं आणि सकाळी नऊच्या आधीचं ताकायामा वेगळं आहे. तुम्हाला ते दिसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागा समजून घ्या. ताकायामा जपानच्या मध्यावर, गिफू प्रांताच्या उत्तर भागात, डोंगरांनी वेढलेल्या एका खोलगट सपाटीवर आहे. समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटर उंच. या डोंगराळ मुलखाचं जुनं नाव हिदा. कागदोपत्री हे जपानमधलं क्षेत्रफळाने सगळ्यात मोठं शहर आहे: २००५ साली आजूबाजूची ९ गावं त्यात विलीन झाली आणि हद्द २,१७७ चौरस किलोमीटरवर गेली. म्हणजे बृहन्मुंबईच्या साडेतीनपट. वस्ती मात्र ८५ हजारांच्या आसपास, आणि तीही कमी होत चाललेली. हद्दीतला ९० टक्क्यांहून जास्त भाग जंगल आणि डोंगर आहे. पायी बघायचं जुनं शहर एवढंसं आहे. स्टेशनपासून पूर्वेला चालत गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत मियागावा नदी ओलांडून तुम्ही त्यात पोचता.

हे जंगल म्हणजेच ताकायामाची सगळी गोष्ट. हिदात भातशेतीला पुरेशी सपाट जमीन नव्हती. आठव्या शतकात राजधानी नारामध्ये होती. तेव्हाच्या कायद्यात बाकीच्या प्रांतांकडून माल आणि मजुरी असा कर घेत. हिदाला ते माफ होतं आणि त्याऐवजी दर ५० घरांच्या गावामागे १० सुतार वर्षभरासाठी राजधानीत पाठवायचे, असा नियम होता. कर म्हणून माणसं, आणि तीही हातात हुन्नर असलेली! नारातले वाडे आणि मंदिरं उभी करण्यात या माणसांचे हात लागलेले आहेत. त्यांना 'हिदा नो ताकुमी' म्हणत, म्हणजे हिदाचे कारागीर. हा शब्द आजही शहरात रोज वापरात आहे. फर्निचरच्या दुकानात, सुतारांच्या तोंडी, शाळेतल्या मुलांच्या पाठातसुद्धा.

शहराची आखणी त्यानंतर बरीच उशिरा झाली. कानामोरी नागाचिका या सरदाराने १५८५ साली तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या आज्ञेवरून हिदा जिंकलं, टेकडीवर किल्ला बांधला आणि खाली व्यापाऱ्यांसाठी तीन समांतर गल्ल्या पाडल्या. त्याच आजच्या सानमाची. सान म्हणजे तीन. नदी बाहेरच्या बाजूला, पूर्वेला देवळांची रांग. क्योतोची ओढ त्या आखणीत स्पष्ट दिसते. कानामोरी घराण्याने १०७ वर्षं राज्य केलं. १६९२ साली एदोच्या (आजच्या तोक्योच्या) शोगुनने, म्हणजे लष्करी शासकाने, त्यांची दूर उत्तरेला बदली केली आणि हिदा स्वतःच्या ताब्यात घेतलं. कारण जे सांगतात ते पटण्यासारखं आहे: इथलं लाकूड आणि इथल्या खाणी. किल्ला पाडून टाकला. आज त्या टेकडीवर फक्त दगडी पाया आणि झाडं आहेत. वडिलांनी ती चढण नाही चढली तरी काही बिघडत नाही.

शोगुनच्या अधिकाऱ्यांची कचेरी मात्र उभी आहे, तिचं नाव ताकायामा जिन्या. अशा कचेऱ्या जपानभर होत्या. मूळ इमारतीसह टिकलेली ही एकच. १९६९ पर्यंत तिथे सरकारी कामकाज चालायचं. सकाळी उघडल्या उघडल्या जा. चपला पिशवीत घालून हातात घ्यायच्या आणि मोज्यांनी सगळीकडे फिरायचं. मी लोकांना तिथे दोन गोष्टी दाखवते. पहिली म्हणजे खिळ्यांची डोकी झाकायला बसवलेले छोटे धातूचे ससे, समोरून तोंड केलेले, कान वर उभे. रयतेचं ऐकायला लांब कान हवेत म्हणून ससा, असं तिथले लोक सांगतात. दुसरी म्हणजे मागचं भाताचं कोठार. पाडलेल्या किल्ल्यातून उचलून इथे आणलेलं. छपरावर लाकडाच्या लांब फळ्या नुसत्या रचलेल्या आहेत, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेत.

त्या कोठारासमोर सशांच्या कानांची कथा अपुरी वाटायला लागते. १७७१ ते १७८८ अशी १८ वर्षं हिदाच्या शेतकऱ्यांनी इथल्या ओहारा नावाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध, आधी बाप आणि मग मुलगा, उठाव केले. जमिनीची नवी मोजणी आणि वाढलेला सारा हे कारण. शेतकऱ्यांना देहदंड झाले. जिन्यात चौकशीची खोली आहे, खाली वाळू-खडी अंथरलेली, जिथे आरोपीला बसवत. बहुतेक गट तिथे फोटो काढून पुढे जातात. तुम्ही दोन मिनिटं थांबा.

आता घरं. सानमाचीतली घरं बाहेरून बुटकी आणि काळसर दिसतात. छपराची कड माणसाच्या डोक्यावर जेमतेम येते, समोर बारीक लाकडी जाळी, रंग नाही, नक्षी नाही. व्यापाऱ्यांनी श्रीमंती मिरवू नये, चांगलं इमारती लाकूड घरासाठी वापरू नये असे निर्बंध होते. शिवाय काजळी आणि तांबडी माती यांचा हात लाकडाला देत. त्यामुळे रस्त्यावरून चालत गेलात तर 'एकसारखी काळी घरं' एवढंच कळतं. ही घरं आतून बघायची असतात. सानमाचीच्या थोडं उत्तरेला कुसाकाबे आणि योशिजिमा ही दोन घरं शेजारी शेजारी आहेत. पहिलं १८७९ मध्ये, दुसरं १९०७ मध्ये, दोन्ही आगीत जळाल्यावर पुन्हा बांधलेली. म्हणजे शोगुनचे निर्बंध संपल्यानंतरची. मनाई उठल्यावर इथल्या सुतारांनी काय केलं ते तिथे दिसतं: आत शिरताच मातीची जमीन, आणि वर छतच नाही. नजर थेट आढ्यापर्यंत जाते. जाडजूड तुळया एकमेकींना आडव्या-उभ्या ओलांडत जातात, मध्ये उंच खिडकीतून उजेड उतरतो.

एकदा माझ्या गटात साताऱ्याकडचे एक काका होते, उभा जन्म सुतारकाम केलेले. योशिजिमाच्या घरात बाकीचे पुढे गेले तरी ते तुळईखाली मान वर करून उभेच. मी बोलवायला गेले, तर म्हणाले, "ताई, ह्यात खिळा कुठंच दिसत नाही, सगळं खाचेत बसवलंय. आमच्या वाड्याची माडी अशीच होती. आता पाडली." मग दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या 'हिदा नो सातो' या जुन्या शेतकरी घरांच्या संग्रहालयात एक कारागीर रंधा मारत होता. काकांनी मला हाताला धरून थांबवलं. आपल्याकडे रंधा पुढे ढकलतात. तो माणूस स्वतःकडे ओढत होता. कागदासारखी पातळ, अखंड साल निघत होती. काकांनी खुणेने विचारलं, त्याने रंधा त्यांच्या हातात दिला. पहिल्या दोन खेपांना अडकला, तिसऱ्यांदा साल निघाली. मला दुभाषीपण करायची गरजच पडली नाही. ती साल घडी करून त्यांनी पासपोर्टात ठेवली होती.

वाडा किंवा कोकणातलं जुनं घर ज्याने लहानपणी पाहिलंय, त्याला ताकायामा फार लवकर कळतं. ओटी, माजघर, परसू हा क्रम ओळखीचा वाटतो. फरक थंडीचा आहे: तिथे घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी आगटी असते, तिच्या धुराने तुळया शेकडो वर्षं काळ्या होत राहतात आणि त्यामुळेच किडीपासून वाचतात.

लाकडाचा हा धागा पुढे तुटला नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हिदाच्या जंगलात बुना नावाचं झाड अमाप आहे. ते वाकतं, लवकर कुजतं, म्हणून घरबांधणीत त्याला कोणी विचारत नव्हतं. १९२० साली इथल्या लोकांनी वाफ देऊन लाकूड वाकवण्याचं युरोपातलं तंत्र ऐकलं आणि त्याच टाकाऊ बुनापासून खुर्च्या बनवायचा कारखाना काढला. आज हिदा फर्निचर हे जपानात दर्जाचं नाव आहे. छोटी आठवण घ्यायची असेल तर शुनकेई लाखकामाचा ट्रे बघा. पारदर्शक पिवळसर लाखेखाली लाकडाच्या रेषा दिसतात. लाकूड झाकायचं नाही, दाखवायचं, हा त्यामागचा विचार. लाल, चेहरा नसलेली सारुबोबो बाहुली सगळीकडे मिळेल, तीही घ्या, पूर्वी आजीने नातीसाठी शिवायची ती वस्तू आहे.

गरिबीचाही उल्लेख करायला हवा, कारण सुंदर गल्ल्यांमुळे ती विसरली जाते. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) आणि नंतरही हिदाच्या शेतकऱ्यांच्या किशोरवयीन मुली नोमुगी घाट चालून ओलांडत आणि पलीकडे शेजारच्या नागानो प्रांतातल्या रेशीम गिरण्यांत कामाला जात. १,६७२ मीटरचा घाट. वर्षअखेरीस बर्फातून परत. सगळ्याच परतल्या नाहीत. तो घाट आज ताकायामाच्या हद्दीवर आहे.

उत्सवाबद्दल. वर्षातून दोन: १४-१५ एप्रिलला वसंतातला, ९-१० ऑक्टोबरला शरदातला. वसंतात १२ आणि शरदात ११ उंच लाकडी रथ निघतात, त्यांना यताई म्हणतात. काही रथांवर दोऱ्यांनी चालणाऱ्या बाहुल्या आहेत. शरदातल्या होतेई या भाग्यदेवतेच्या रथावर ३६ दोऱ्या खालून ओढून दोन मुलांच्या बाहुल्यांना झोके घेत होतेईच्या खांद्यावर उतरवतात. २०१६ साली युनेस्कोच्या यादीत जपानचे जे ३३ रथोत्सव एकत्र नोंदले गेले, त्यात हा आहे. तुमच्या तारखा उत्सवानंतरच्या आहेत, तेव्हा साकुरायामा हाचिमान देवळाजवळच्या यताई काइकान या रथांच्या संग्रहालयात जा. शरदातले चार रथ तिथे आळीपाळीने ठेवलेले असतात. चाकांजवळ बसून बघा: रथ कोपऱ्यावर वळवायला एक जादा चाक खाली सोडायची सोय आहे. गल्ल्यांतून फिरताना मध्येच पांढरी, अरुंद, दोन मजली उंच दाराची कोठारं दिसतील. प्रत्येक आळीचा रथ त्यात राहतो. पाऊस आला तर रथ बाहेर निघत नाहीत, लाख आणि सोनं भिजेल म्हणून. त्यासाठी जगभरातून आलेल्या लोकांनाही निमूट छत्री घेऊन परतावं लागतं.

आता आईंचं जेवण, कारण यावर सहल घडते किंवा बिघडते. ताकायामात दर चौथ्या दुकानावर हिदा बीफची पाटी आहे. त्याचा वास जुन्या गल्लीत दुपारी पसरलेला असतो. आईंना आधी सांगून ठेवा, अचानक कळलं तर त्रास होतो. खरी अडचण मात्र मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. जपानी सूप, भाजी, नूडल्सचा रस्सा, सगळ्याचा पाया दाशी, आणि ती बहुधा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाची. 'मांस नको' म्हटलं की स्वयंपाकी मांस काढतो, दाशी काढत नाही, आणि त्याच्या मनात फसवणुकीचा लवलेश नसतो. म्हणून वाक्य असं विचारा: "कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमास का?" म्हणजे कात्सुओची दाशी घातली आहे का.

मुक्काम र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी खानावळी-निवासात, करणार असाल तर आईंचं जेवण खोली ठरवतानाच लेखी कळवा: मांस, मासे, दाशी नको, अंडं-दूध चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही. आदल्या दिवशी सांगून भागत नाही. तिथलं रात्रीचं जेवण म्हणजे आधीपासून ठरलेली दहा-बारा छोट्या वाट्यांची मालिका असते. एकदा एका कार्यालयाने हा निरोप पुढे पोचवलाच नाही आणि माझ्या गटातल्या तीन बायका पांढरा भात नि लोणच्यावर झोपल्या. तेव्हापासून मी स्वतः फोन करते. शहरात बौद्ध मठांची शोजिन पद्धत चालते, पूर्ण वनस्पतीजन्य. तेवढं जेवण जमवाच, महाग पडलं तरी.

बाकी आईंना आवडेल असं पुष्कळ आहे. मिताराशी दांगो: तांदळाच्या पिठाचे पाच गोळे काडीला लावून, सोया सॉसमध्ये बुडवून निखाऱ्यावर भाजतात. इतर ठिकाणी ते गोड असतात, इथे खारट आणि खमंग. गोहेई मोची: कुटलेला भात काडीवर थापून अक्रोड किंवा तिळासारख्या एगोमाच्या मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात) भाजलेला. लाल सलगमाचं लोणचं. होबा मिसो हा इथला खास पदार्थ, सुक्या मॅग्नोलियाच्या पानावर मिसो, कांद्याची पात, अळंबी ठेवून पान खालून निखाऱ्यावर तापवतात. तो मांसाशिवाय आणि दाशीशिवाय करून मिळतो का ते विचारायचं. तरीही बॅगेत मेतकूट, लोणचं आणि दशम्या असू द्या. गरम भात जपानात कुठेही मिळतो.

सकाळचा बाजार चुकवू नका. मियागावाच्या काठी आणि जिन्यासमोर, दोन ठिकाणी, साधारण सात ते बारा. भाजी-फळं, लोणची, फुलं, बहुतेक विकणाऱ्या वयस्कर बायका. साडेसातला जा. एक आजी मला दरवेळी आधी लोणचं चाखायला देते आणि मग विचारते, या वेळी किती जण आणलेस.

वडिलांच्या गुडघ्यांची काळजी इथे क्योतोपेक्षा कमी करा. शहर सपाट आहे, आणि ताकायामाने १९९६ पासून अपंग प्रवाशांना बोलावून, त्यांना काय अडतं ते विचारून पदपथ आणि रस्त्यातले चढउतार काढले, गटारांच्या जाळ्या चाकं अडकणार नाहीत अशा बदलल्या. अडचण घरांच्या आत येते: उंच उंबरे, बूट काढणं-घालणं, आणि जमिनीवर बसून जेवण. खोली ठरवताना पलंग आणि खुर्ची-टेबल आहे का विचारा. बिनलेसचे बूट न्या.

प्रवास. नागोयाहून 'हिदा' एक्सप्रेसने सव्वादोन ते अडीच तास. गाडी सुटताना सगळ्या खुर्च्या उलट्या तोंडाच्या असतील. घाबरू नका, गिफूला गाडीची दिशा बदलते आणि वीस मिनिटांत तुम्ही सरळ होता. पुढे गाडी हिदा नदीच्या काठाने चढते. कुगुनोनंतरच्या बोगद्याकडे लक्ष द्या: अलीकडचं पाणी पॅसिफिकला जातं, पलीकडचं उत्तरेला जपानच्या समुद्राला. म्हणून ताकायामाची नदी तुम्ही आलात तिकडे न जाता पुढे उत्तरेकडे वाहताना दिसते.

शिराकावा-गो म्हणजे ताकायामा नव्हे, हे उंच गवती छपरांच्या घरांचं वेगळं गाव आहे, बसने ५० मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस देऊन होतं. शिन्होताका रोपवेही (२,१५६ मीटरपर्यंत, दुमजली पाळणा) ताकायामाच्याच हद्दीत, पण बसने दीड तासावर. आभाळ स्वच्छ असेल तरच. दोन्ही एका दिवसात करू नका.

तारखांबाबत एक सूचना, आणि ती बाकी सगळ्यापेक्षा तातडीची. २९ एप्रिल ते ५ मे जपानात गोल्डन वीकची सुट्टी असते. तेव्हा खोल्या फार महाग आणि गाड्या भरलेल्या. शक्य असेल तर २० ते २६ एप्रिलमध्ये ताकायामा बसवा. तोक्योतला बहर संपलेला असतो, इथे उंचीमुळे उशीर होतो, नाकाबाशीच्या लाल पुलाजवळ चेरी कधीकधी अजून झाडावर असते. रात्री तापमान चार-पाच अंशांवर येतं, आईंसाठी जाड स्वेटर आणि कानटोपी घ्या. पहिल्या संध्याकाळी सहानंतर जेवणाआधी त्या पुलावरून सानमाचीत शिरा. दुकानं मिटलेली असतील, गल्लीच्या कडेच्या पाटातलं पाणी ऐकू येईल, आणि साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्टीच्या दारावर टांगलेला सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाच्या पानांचा मोठा गोळा दिसेल: हिवाळ्यात नवी साके तयार झाली की हिरवा टांगतात, मग तो हळूहळू तपकिरी होत जातो. एप्रिलअखेरीस त्याचा रंग दोन्हींच्या मधला असतो.